नऊशे अंश, चार तास

सकाळी ७:२५

मामा कुलूप काढतात आणि दिवा लावायच्या आधी भट्टीच्या डिस्प्लेकडे बघतात. लाल आकड्यांत ५८. "निवली," म्हणतात.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावचं कॉलेज. फिजिक्स डिपार्टमेंटच्या मागे, जिन्याखालची आठ बाय दहाची खोली. पूर्वी इथे मोडक्या खुर्च्या ठेवत. आता मफल फर्नेस आहे. बाहेरून हिरवा रंग दिलेला पत्रा, आत विटा, विटांच्या खाचांत कँथलच्या तारेची कॉइल, मागच्या भोकातून आत गेलेलं थर्मोकपल. साडेतीन किलोवॅट. कंपनीच्या पाटीवर हजार अंश लिहिलंय. मामा साडेनऊशेच्या पुढे जाऊ देत नाहीत. कॉइल जळाली की दुरुस्तीवाला जिल्ह्याच्या गावाहून येतो, आणि कधी यायचं ते तोच ठरवतो.

काल रात्री आत सातशे अंशांवर चार तास पावडर होती. सव्वाअकराला हीटर बंद झाला. तेव्हापासून दार बंद. शंभराच्या वर दार उघडायचं नाही, हा मामांचा कायदा. गार हवा लागली की क्रुसिबल तडकतं. ५० मिलिलिटरच्या अ‍ॅल्युमिनाच्या क्रुसिबलला चारशेच्या आसपास पडतात. पैसे एक वेळ जमतात, पण मागवलेला माल यायला आठ-दहा दिवस जातात.

५८ अंशांनाही मामा चामडी हातमोजे घालतात. लांब दांड्याचा चिमटा. एक क्रुसिबल, मग दुसरं. फरशीवर ठेवत नाहीत, विटेच्या तुकड्यावर ठेवतात. प्रत्येक क्रुसिबलवर तांबूस तपकिरी अक्षरांत नंबर. पेन्सिलीचा नंबर भट्टीत उडून जातो. म्हणून फेरिक क्लोराइडच्या पाण्यात काडी बुडवून लिहायचं. तापल्यावर त्याचा गंज होतो आणि तो जात नाही. मामांचं हे अक्षर डिपार्टमेंटभर ओळखतात.

सकाळी ७:५०

ताई येतात. नाव लिहीत नाही. डिपार्टमेंटमध्ये सगळे ताईच म्हणतात. पीएचडीचं दुसरं वर्ष. २८ किलोमीटरवरच्या गावाहून एसटीनं येणं-जाणं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे एका वेळचे २५ रुपये. फेलोशिप महिना ३७,०००. हा आकडा कागदावरचा. खात्यात ती दर महिन्याला येत नाही. येते तेव्हा चार-पाच महिन्यांची एकदम येते, आणि तोपर्यंतचे क्रुसिबल, कुरिअर, हातमोजे ताईंच्या पर्समधून होतात. बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत आहेत. पिशवी फुगलेली आहे.

मामा एजन्सीतर्फे कंत्राटावर आहेत. हातात ११,२०० पडतात. भट्टीचं काम नेमणुकीच्या कागदावर नाही. त्यात झाडणं, पाणी भरणं आणि 'सांगितलेली इतर कामे' आहेत.

सकाळी ८:१०

वजन. चार दशांश दाखवणारा काटा. वर पंखा बंद करायचा, खिडकी लावायची, काट्याच्या काचा सरकवायच्या, मग थांबायचं. शेवटचा आकडा हलायचा राहत नाही. ताई बाहेर ट्रक जाईपर्यंत वाट बघतात.

काल आत गेले ३.००० ग्रॅम. आज बाहेर २.८७१. चार टक्क्यांवर थोडं गेलं. ते काय होतं? उरलेला कार्बन, अडकलेलं पाणी, न जळलेलं थोडं सायट्रेट. म्हणजे काल जी 'पावडर' म्हणून ठेवली होती, ती सगळी पावडर नव्हती.

ताई वहीत लिहितात. मामा त्यांच्या रजिस्टरमध्ये वेगळं लिहितात. भट्टी कोणाची, किती अंश, किती वाजता चालू, लाइट गेली का. हे रजिस्टर कोणी मागितलेलं नाही. एकदा दोन विद्यार्थ्यांचं एकाच रात्रीवरून भांडण झालं, तेव्हापासून ते आहे. बुकिंगही त्यातच होतं.

सकाळी ८:४५

नवा घाणा. ताईंचं सॅम्पल म्हणजे कोबाल्ट फेराइट. एक कोबाल्ट, दोन लोखंड, चार ऑक्सिजन. काळी, चुंबकी सिरॅमिक पावडर. १९३० मध्ये टोकियोच्या तंत्रसंस्थेत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी याच घराण्यातल्या पदार्थांवर काम केलं. त्यातूनच १९३५ मध्ये टीडीके कंपनी उभी राहिली. जुनी कॅसेट ज्यांनी पाहिलीय त्यांना ही तीन अक्षरं आठवतील.

हे करायची सरळ रीत अशी: लोखंडाचा ऑक्साइड आणि कोबाल्टचा ऑक्साइड घ्यायचा, एकत्र घोटायचा, आणि हजार-बाराशे अंशांवर तासन् तास भाजायचा. कण कितीही बारीक घोटले तरी एका कणातला अणू दुसऱ्या कणापर्यंत चालत जायला तेवढी आच लागतेच. या भट्टीला ती परवडत नाही. म्हणून पाण्याचा रस्ता. क्षार पाण्यात विरघळले की अणू शेजारी-शेजारी येऊन बसतात. पुढची भट्टी मग पाचशे-सहाशेवरही भागते.

दहा ग्रॅमचा हिशेब वहीच्या पहिल्याच पानावर आहे. फेरिक नायट्रेट ३४.४४ ग्रॅम. कोबाल्ट नायट्रेट १२.४० ग्रॅम. सायट्रिक अ‍ॅसिड २६.८७ ग्रॅम, म्हणजे किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं तेच, फक्त शुद्ध.

फेरिक नायट्रेटचे खडे फिकट जांभळे, ओलसर. बाटली उघडली की हवेतलं पाणी ओढायला लागतात. बाटलीच्या तळाला कधी कधी नुसता रस्साच उरतो. ओला खडा मोजला तर काट्यावर ३४.४४ येतात, पण त्यात लोखंड तेवढं नसतं. ही खोट भट्टीत भरून निघत नाही. नऊशेला भाजा की हजाराला, प्रमाण चुकलं ते चुकलं. म्हणून बाटली डेसिकेटरमध्ये. तळाला निळी सिलिका जेल. ती गुलाबी झाली की ओल भरली असं समजायचं, मग ओव्हनमध्ये तापवून परत निळी करायची. तो निळा-गुलाबी रंगही कोबाल्टचाच.

कोबाल्टची बाटली महाग. लोखंडाच्या कितीतरी पट. ताई चमच्याच्या टोकावर चार-चार खडे घेतात. काट्यावर सांडलेला एक लाल खडा ब्रशनं उचलून परत घेतात.

सकाळी ९:३०

डिस्टिल्ड वॉटर, मोठा बीकर, मॅग्नेटिक स्टरर. बीकर तिसरा हिस्साच भरायचा. का, ते दुपारी कळेल असं ताई म्हणतात.

मग अमोनिया, थेंब-थेंब. पीएच सातवर आणायचा. फ्यूम हूडचा पंखा कधीचा बंद आहे. म्हणून दोन्ही खिडक्या उघड्या आणि टेबलफॅन पाठमोरा. तरी डोळे चुरचुरतात. द्रावण गडद होत जातं, काळपट. ताई कागदाची पट्टी बुडवतात, रंग बघतात. अजून चार थेंब. परत पट्टी. शंभर पट्ट्यांचं पुस्तक असतं, एका घाण्याला सात-आठ जातात.

हॉट प्लेट ऐंशी अंशांवर. आता तीन तास पाणी उडत राहणार.

सकाळी १०:१५

हे तीन तास रिकामे नाहीत. परवा जाळलेल्या घाण्याची राख घोटायची आहे. अकीकाचा खल, तळहाताएवढा, त्याच दगडाचा बत्ता. अकीक कठीण असतो, स्वतः झिजून पावडरीत मिसळत नाही. चिनी मातीचा खल वापरला तर पावडरीत त्याचंच चूर्ण जातं. हा खल साडेतीन हजारांचा. खाली पडला तर संपला. म्हणून टेबलावर आधी ओला टॉवेल, टॉवेलवर खल.

मास्क, हातमोजे. कोबाल्टची धूळ फुप्फुसाला वाईट. ताई दोन मास्क एकावर एक लावतात.

ठोकायचं नाही, घोटायचं. मनगट गोल फिरवायचं, दाब सारखा. दहा मिनिटांनी काठावर चढलेली पावडर स्पॅच्युलानं खाली ओढायची. स्पॅच्युला स्टीलचा असेल तर पावडर त्यालाच चिकटते, म्हणून प्लास्टिकचा. परत दहा मिनिटं. मध्ये थोडा अ‍ॅसिटोन, पावडर उडू नये म्हणून. तो उडून जातो, परत घालायचा. पहिल्या पंधरा मिनिटांत कचकच ऐकू येते. मग ती बंद होते. तरी थांबायचं नाही. एक तास म्हणजे एक तास.

मी थोडा वेळ बत्ता हातात घेतला. पाच मिनिटांत अंगठ्याच्या मुळाशी कळ आली. ताईंच्या उजव्या मनगटाला क्रेप बँडेज आहे. ते आजचं नाही.

मधूनच बीएस्सीची दोन मुलं येतात. "मॅडम, प्रॅक्टिकल?" ताई घड्याळ बघतात, सव्वाअकरा सांगतात. प्रॅक्टिकल सरांच्या नावावर आहे. घेतात ताई.

दुपारी १२:३५

बीकरात आता पाणी उरलेलं नाही. काळपट, चिकट जेल. स्टररचा दाणा अडखळत फिरतो, मग थांबतो. तो आत्ताच काढायला हवा. आत राहिला तर जळाल्यावर चुंबकी राख त्याच्याभोवती गच्च बसते, आणि खरवडताना दाण्याचं टेफ्लॉन निघून सॅम्पलमध्ये येतं. मामा काचेच्या कांडीला दुसरा चुंबक धरून दाणा बाहेर ओढतात. कांडीवरचं जेल ताई परत बीकरातच निथळून घेतात.

दुपारी १:०५

आता हॉट प्लेट पूर्ण. मामा व्हरांड्यातली मुलं लांब करतात. बीकरावर पीठ चाळायची जुनी स्टीलची चाळणी उपडी ठेवतात. घरून आणलीय.

जेल फुगायला लागतं. फेस वर येतो, खाली बसतो, परत वर येतो. कडेनं तपकिरी धूर निघतो, नायट्रोजनच्या ऑक्साइडचा. घशाला लागणारा. मग कडेच्या एका जागी लाल ठिणगी. ती पसरत नाही, सरकते. जिथून जाते तिथलं जेल दिवाळीतल्या नागगोळीसारखं फुगून वर येतं आणि तिथेच राख होऊन राहतं. बाहेरून काडी लावलेली नाही. नायट्रेट ऑक्सिजन देतं, सायट्रिक जळतं. ज्वाळा म्हणावी अशी एकदाच दिसते, दोन-तीन सेकंद. चाळणीला आतून फटाफट काही आपटतं. मिनिटभरात सगळं शांत.

बीकर काठोकाठ भरलाय. तिसरा हिस्साच का भरला होता ते कळलं. हात लावला तर सगळं चिमटीत मावेल इतकं पोकळ. वजन करू तेव्हा नऊ ग्रॅमच्या आत भरेल. दहाचा हिशेब होता. उरलेलं चाळणीला, भिंतीला आणि आमच्या केसांना.

"हेच कोबाल्ट फेराइट?" मी विचारतो.

"झालंय बरंचसं," ताई म्हणतात. "पण अजून कच्चं आहे."

दुपारी १:४५

डबा. ज्वारीची भाकरी, शेपूची भाजी, दाण्याची चटणी. मामा आपला डबा वेगळ्या टेबलावर उघडतात. ताई भाजी तिकडे नेऊन देतात. हात तीनदा धुतले तरी नखांत काळं आहेच.

दुपारी २:२०

प्रेस. सकाळी भट्टीतून काढलेल्या सातशेवाल्या पावडरीच्या वड्या पाडायच्या. एका ग्रॅमच्या आत पावडर, पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पाण्याचे दोन थेंब, परत घोटणं, वाळवणं. मग पोलादी डाय. आतून स्टिअरिक अ‍ॅसिडचा बोळा फिरवायचा, नाहीतर वडी सुटत नाही. पावडर ओतायची, डाय हलकेच ठोकून सपाट करायची, वरचा दांडा बसवायचा.

प्रेसचा दांडा मामा ओढतात. ताईंचं वजन पुरत नाही. काटा तीन टनांवर, चारवर, पाचवर. पाच मिनिटं धरायचा. नंतर व्हॉल्व्ह सोडायचा तो अगदी हळू. एकदम सोडला तर आत कोंडलेली हवा वडीचं टोपण उडवते. दहा वर्षं सुतारकाम केलेला हात आहे मामांचा. व्हॉल्व्ह कसा सुटतोय ते डोळ्यांना दिसतच नाही.

पहिली वडी चांगली. दुसरी आडवी चिरते. तिसरी चांगली. चिरलेली फेकत नाहीत. परत खलात.

कच्च्या पावडरीच्या वड्या याहून वाईट पडतात, ताई सांगतात. फार बारीक पावडर दबतच नाही, हवा धरून ठेवते. सातशेला भाजली की कण थोडे मोठे होतात, एकमेकांना धरतात, प्रेसखाली नीट बसतात. पण जास्तच भाजली तर एकमेकांना इतके धरतात की दगडच. मग खल, बत्ता आणि मनगट.

दुपारी ४:१०

चहा. दहा रुपये कप. आज मामा देतात.

दुपारी ४:२५

भट्टी भरायची. आज नऊशे. मामा आत टॉर्च मारतात, विटांना नवी भेग आहे का बघतात, ब्रशनं तळ झाडतात. कोणाच्या तरी पांढऱ्या पावडरीचा डाग कोपऱ्यात आहे. तो खरवडतात. आदल्या माणसाचं सॅम्पल पुढच्याच्यात जायला नको.

डिस्प्लेवरचा आकडा खरा आहे हे कशावरून? मी विचारतो. मामा फळीवरचं एक जुनं, काठ फुटलेलं क्रुसिबल दाखवतात. तळाला पांढरा, काचेसारखा थर. मीठ. घरातलंच. मीठ ८०१ अंशांना वितळतं. वर्षातून दोनदा ते चिमूटभर मीठ ठेवतात, भट्टी दहा-दहा अंशांनी चढवतात आणि दाराच्या भोकातून बघत बसतात. डिस्प्लेवर आठशेच्या आसपास असताना दाणे पाणी झाले तर थर्मोकपल ठीक. नाही झाले तर किती फरक ते खडूनं भट्टीच्या अंगावर लिहून ठेवतात. सध्या तिथे '+६' आहे. ही युक्ती त्यांना एका निवृत्त झालेल्या सरांनी दाखवली. खडूची चाल त्यांची स्वतःची.

दोन क्रुसिबल, मधोमध, थर्मोकपलच्या टोकाजवळ. दाराजवळ ठेवलं तर तीस-चाळीस अंश कमी पडतात, आणि ते डिस्प्लेला कळत नाही.

सायंकाळी ५:००

प्रोग्राम. मिनिटाला पाच अंश. नऊशेपर्यंत. चार तास धरायचं. मग बंद. खोलीत तीस अंश आहेत, म्हणजे वर चढायला १७४ मिनिटं. सात चोपन्नला नऊशे. अकरा चोपन्नला हीटर बंद. पुढे आपोआप निवणार.

मामा रजिस्टर भरतात. खट करून कॉन्टॅक्टर बसतो, भट्टी गुणगुणायला लागते.

कच्ची, पाचशे, सहाशे, सातशे, नऊशे. भट्टी एकच, त्यामुळे एका रात्री एकच तापमान. त्यात बुकिंग, सुट्ट्या, लाइट. पेपरमध्ये हे सगळं मिळून एक ओळ होतं: नमुने निरनिराळ्या तापमानांवर चार तास तापवले. मी तसले पेपर चाळले आहेत. ती ओळ वाचताना मला कधी प्रश्न पडला नव्हता.

सायंकाळी ५:२०

ताईंच्या बसला अजून पाऊण तास आहे. लॅपटॉप उघडतात. पाचशेच्या सॅम्पलचा एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरणांचा आलेख, आलाय. मशीन इथे नाही. चिमूटभर पावडर छोट्या कुपीत घालून कुरिअरनं पाठवतात, आठवड्यानं ईमेलवर फाइल येते. सॅम्पलला ५०० रुपये, वर जीएसटी. पाच सॅम्पलचे अडीच हजार. चुंबकीय मोजणी त्याहून महाग, ती शेवटी.

स्क्रीनवर डोंगर. कच्च्या पावडरीचे डोंगर बुटके, पसरट. पाचशेचे जरा उंच, जरा निमुळते. सगळ्यात मोठा साडेपस्तीस अंशांच्या कोनाशी. तो दिसला की ताईंचा जीव भांड्यात पडतो, कारण हे घराणं त्यावरूनच ओळखतात. कच्च्या पावडरीत तेहतिसाच्या जवळ एक बारीक टेकाड होतं. ते हेमटाइटचं, म्हणजे साध्या लाल गंजाचं. लोखंडाचा थोडा भाग बाजूलाच राहिला होता. पाचशेमध्ये ते टेकाड अजून आहे, पण खचलंय. नऊशेला जाईल असा त्यांचा अंदाज. आजची रात्र त्यासाठीच.

मग डोंगराची रुंदी मोजायची, अर्ध्या उंचीवर. पॉल शेरर यांनी १९१८ मध्ये दिलेलं सूत्र. डोंगर जितका रुंद तितका स्फटिक लहान. कच्च्याची रुंदी ०.४५ अंश, म्हणजे साधारण साडेअठरा नॅनोमीटर. पाचशेची ०.३५, म्हणजे चोवीसच्या जवळ. यातून मशीनचा स्वतःचा पसारा वजा करायचा असतो. ते ताई घरी करणार.

"एवढ्यासाठी एवढं?" मी विचारतो. साडेअठराचे चोवीस.

ताई पेनानं वहीच्या मागच्या पानावर मांडून दाखवतात. चोवीस नॅनोमीटरचे गोळे धरले तर एक ग्रॅम पावडरीचा एकूण पृष्ठभाग सत्तेचाळीस चौरस मीटर येतो, पाचशे चौरस फुटांहून थोडा जास्तच. साठ नॅनोमीटरचे झाले की तोच एकोणीसवर येतो. उष्णतेनं आत शिस्त लागते. अणू आपापल्या जागी जातात, ताण निघतो, गंज संपतो. पण त्याच उष्णतेनं शेजारचे कण एकमेकांत मिसळतात. ज्या बारीकपणासाठी पाण्याच्या रस्त्यानं आलो, तो हातातून जातो.

"मग कमीच भाजा."

"कमी भाजलं तर चुंबक लेचापेचा." फार बारीक कणात चुंबकाची दिशा टिकत नाही. खोलीच्या उबेनंही फिरते. कण वाढत गेला की दिशा अडून बसते, उलटवायला जोर लागतो. आणखी वाढला की कणाच्या आतच दोन-तीन वेगळ्या दिशांचे वाडे पडतात, त्यांच्या भिंती सहज सरकतात आणि अडेलपणा उतरतो. म्हणजे मध्ये कुठेतरी एक टोक आहे. दोन आकडी नॅनोमीटरमध्ये. ते सातशेला येतं की नऊशेला, हे या पावडरीसाठी, या भट्टीत, हातानं करूनच कळणार. दुसऱ्यानं आपल्या पेपरात काय लिहिलंय त्यावर चालत नाही. त्याचा पीएच वेगळा, त्याची राख वेगळी.

आणि निवण्याचाही वाटा आहे. कोबाल्ट फेराइटमध्ये कोबाल्टचा अणू दोन प्रकारच्या घरांत बसू शकतो. हळू निवलं तर बहुतेक कोबाल्ट आपल्या आवडत्या घरात जाऊन बसतात. तापलेलं एकदम गार केलं तर गरम असतानाची वाटणी तशीच गोठते. पावडर तीच, भाजणं तेच, चुंबक वेगळा. मामांचा शंभराचा कायदा क्रुसिबलसाठी आहे. त्यानं थीसिसही वाचतो, हे ताईंनी त्यांना सांगितलंय.

"मला काय, दार बंद तर बंद," मामा म्हणतात.

सायंकाळी ६:०५

ताई जातात. एसटी उभ्यानं.

रात्री ७:५४

मामांची खोली कॉलेजच्या मागच्या अंगाला. जेवणाआधी एक चक्कर. मी मागोमाग. डिस्प्लेवर ८९८, ८९९, ९००, ९०२, परत ९००. दाराच्या भोकाला डोळा लावला की आत केशरी उजेड. क्रुसिबल आणि भिंत वेगळी ओळखू येत नाहीत, सगळं एकाच रंगाचं. काल सातशेला हाच उजेड गडद लाल होता. "कंट्रोलर बिघडला होता तेव्हा महिनाभर रंगावरच चालवलीय," मामा सांगतात. बढाई मारत नाहीत. नोंद दिल्यासारखं सांगतात.

रात्रीच्या या चकरांचे पैसे कोणी देत नाही.

रात्री ८:४१

लाइट जाते. आख्ख्या गल्लीची. ऑफिसच्या कॉम्प्युटरला इन्व्हर्टर आहे. साडेतीन किलोवॅट तो ओढत नाही.

मामा टॉर्च घेऊन निघतात. घाई नाही. डिस्प्ले काळा. भट्टीच्या अंगाला हात लावत नाहीत, दाराला तर नाहीच. रजिस्टर उघडतात. '८:४१ लाइट गेली.' स्टूल ओढून बसतात. ताईंना मेसेज टाकतात. ताई तिकडे भाकऱ्या करत असणार. उत्तर दहा मिनिटांनी येतं: 'आली की पहिला आकडा घ्या.'

पहिला आकडा महत्त्वाचा. लाइट आल्या क्षणी डिस्प्ले खरं तापमान दाखवतो. दोन मिनिटं उशीर झाला तर हीटरनं ते परत चढवलेलं असतं, आणि किती उतरलं होतं ते कायमचं हुकतं. म्हणून अंधारात स्टुलावर.

मच्छर फार आहेत.

रात्री ९:०३

येते. मामा उठलेलेच असतात. ७६२. लिहितात. कॉन्टॅक्टर खट करतो.

फोन. स्पीकरवर.

"सातशे बासष्ट," मामा सांगतात.

ताई तिकडे आकडेमोड करतात, ऐकू येते. बावीस मिनिटांत १३८ अंश उतरले. परत चढायला अठ्ठावीस मिनिटं. साडेनऊला नऊशे. आधी सत्तेचाळीस मिनिटं झाली होती. राहिले तीन तास तेरा मिनिटं. "पावणेएकला बंद होईल, मामा."

"बघतो मी. मग हे धरायचं की नाही?"

थोडा वेळ काही नाही. कणांची वाढ नऊशेला जोरात असते, सातशे बासष्टला बरीच मंद. पन्नास मिनिटांच्या खड्ड्यानं फार फरक पडणार नाही. डोंगराच्या रुंदीत तो दिसणारही नाही कदाचित. पण 'चार तास' असं लिहिता येणार नाही. आणि व्हायव्हाला कोणी विचारलंच तर रजिस्टर आहे.

"चालू राहू द्या," ताई म्हणतात. "सकाळी काढून वेगळं ठेवू, वर खुणेला 'क' लिहा. पण नऊशे परत लावायला लागेल. उद्या?"

"उद्या रसायनवाले. सोमवार, मंगळवारही त्यांचेच." मामा पान उलटतात. "रविवारी कोणी नाही."

"रविवारी तुम्ही याल?"

"येतो. पण दोनला लावायची. संध्याकाळी मला लग्नाला जायचंय."

"साडेअकराची गाडी आहे. तिनं येते."

मामा रविवारच्या रकान्यात लिहितात: फिजिक्स, ९००, ४ तास, दुपारी २.